जोडीतलं दुसरं माकुल

निपाणी,
५ जानेवारी २०२५

प्रिय यशपालराव,
जयभीम.

तुमचं कार्ड मिळालं. "मी बरा आहे, काळजी नसावी." पाच शब्द. एकतीस वर्षं नववी-दहावीचे पेपर तपासलेत, पण इतकं त्रोटक उत्तर नापास होणाऱ्या पोरानंही कधी लिहिलं नव्हतं.

फोन करा म्हणाल, तर माझ्या कानांनी फोनशी असहकार पुकारलाय. टिळकवाडीतल्या डॉक्टरांनी यंत्र दिलंय. ते लावलं की पंखा ऐकू येतो, माणूस ऐकू येत नाही. तेव्हा पत्रच लिहा, आणि जरा सविस्तर लिहा.

पारमिता जाऊन सोळा महिने झाले. तुम्ही बेळगावचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान बंद करून अंदमानला गेलात, त्याला अकरा. लोक विचारतात, गुर्जी, जावई काय करतात? मी सांगतो, मासेमारीच्या बोटींवर मोटारी दुरुस्त करतात. परवा पोस्टमन युवराजनं विचारलं, कसले मासे? मला सांगता येईना. जीवशास्त्राच्या मास्तराला जावई कसले मासे धरतो ते ठाऊक नाही, हे बरं दिसत नाही.

तुमच्या सासूबाई गेल्या तेव्हा पारमिता होती. पारमिता गेली तेव्हा तुम्ही होतात. आता घरात बोलायला भिंत आहे, आणि ती कानानं माझ्यापेक्षा बरी आहे.

लिहा.

आपला,
धर्मराज

*

अंदमान,
२७ जानेवारी

ती. मामा,
जयभीम.

तुमचं पत्र सतरा दिवसांनी आलं. धक्क्यावर उभं राहूनच वाचलं. शाळेतलं मराठी माझं कच्चंच, बोलतो तसंच लिहिणार. लाल पेन काढू नका.

आम्ही धरतो ते मासे न्हायत, माकुल. हॉटेलवाले स्क्विड म्हणतात ते. पारमिताबरोबर गोव्याला गेलतो तेव्हा ताटात बघितलेलं तसलं बोटभर न्हाय. उभं केलं तर माझ्या कमरेपर्यंत येतंय. गेल्या महिन्यात एक वीस किलोचं आलतं. दिवसा ते लई खोल असतं, सहाशे मीटरवर, म्हणून आम्ही सकाळी आठला दोर सोडतो.

गळाला अख्खा बांगडा लागतो, ताजा, डोळा चकचकीत असलेला. हातभर सळई असते, तिच्या खालच्या टोकाला सुयांचं कडं. सळईवर बांगडा ठेवून दोऱ्यानं गुंडाळायचा. सैल गुंडाळला तर तळापर्यंत जायच्या आत निसटतो, लई आवळला तर फाटतो. पहिल्यांदा मी मोटारीची कॉइल भरतो तसा, वेढ्याला वेढा लावून बांधला. तांडेल हसला. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या, आप्पाराव नाव त्याचं, तेलुगू माणूस. हसला, पण त्या बांगड्यालाच माकुल लागलं. तवापासनं सगळे बांगडे मीच बांधतो.

माकुल घाई करत न्हाय. बांगड्याला मिठी मारून बसतं. मग रीळ फिरवायचं, ते विजेवर चालतं. सुयांना आकडा नसतो, त्यामुळं मोटार मधेच थांबली आणि दोर सैल पडला की गेलं. हिसका बसला तर त्याचे हात तुटून येतात, ते खालीच राहतं. एकसारखं, न थांबता, हळू आणायचं. मोटारीच्या आवाजावरनं मला कळतं कुठं अडकणार ते.

म्हणजे तुम्हाला कळलंच असंल, मी आता धक्क्यावर बसून दुरुस्ती करत न्हाय, बोटीवरच जातो. पारमिताला हे आवडलं नसतं. पाण्याला ती लई भ्यायची.

बोटीवर पाच माणसं आहेत. तेलुगू न्हायतर बंगाली. हिंदी कामापुरती. मराठी मी फक्त रीळाच्या मोटारीशी बोलतो. "चल गं बाई, थांबू नको" म्हणतो. तीही बाईच असल्यासारखं.

तब्येतीला जपा.

तुमचा,
यशपाल

*

निपाणी,
१६ फेब्रुवारी

प्रिय यशपालराव,
जयभीम.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा सासरा म्हणून, दुसऱ्यांदा मास्तर म्हणून, तिसऱ्यांदा युवराजला वाचून दाखवलं.

मृदुकाय संघ, शीर्षपाद वर्ग. आकृती काढून नावे द्या, चार मार्क. ही आकृती मी फळ्यावर किती वेळा काढली असेल याची गणती नाही, आणि जिवंत माकुल मी जन्मात पाहिलेलं नाही. शाळेच्या कपाटात बरणीत एक होतं, पांढरं पडलेलं, शिजून गार झालेल्या शेवयांसारखं. मुलं विचारायची, सर, हे रंग कसा बदलतं? मी छातीठोक सांगायचो. उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय. तुम्ही आता वर आलेलं पाहता तेव्हा ते कोणत्या रंगाचं असतं, ते कळवा. आणि त्याला तीन हृदयं असतात, हे तांडेलाला सांगा. खूष होईल.

आता दुसरी गोष्ट. तुमच्या थोरल्या भगिनी मालुआक्का गुरुवारी सदलग्याहून आल्या होत्या. तुमच्यासाठी स्थळ आलंय. संकेश्वरच्या शाळेत शिक्षिका आहेत, ज्योत्स्ना नाव. यजमान चार वर्षांपूर्वी अपघातात गेले, मूलबाळ नाही. आक्का माझ्यासमोर कितीतरी वेळ पदराशी चाळा करत बसल्या आणि मग म्हणाल्या, "मामा, तुमची हरकत असली तर मी ह्यो विषय काढत न्हाय." मी म्हणालो, माझी हरकत कशाला असेल? चहा दिला, स्टँडपर्यंत सोडायला गेलो.

हो म्हणा. तुम्ही छत्तीस वर्षांचे आहात. आणि नवं घर मांडल्यावर मला पत्र लिहायचं बंधन ठेवू नका. नव्या संसारात जुन्या सासऱ्याची पत्रं म्हणजे भातातला खडा. तुमचं-माझं नातं पारमितामुळं होतं. आपण ते नीट निभावलं, एवढं पुरे.

तुमच्या लग्नाचा अल्बम माझ्याकडं आहे. मालुआक्कांकडं पोचवू, की इथं ठेवू, ते कळवा.

आपला,
धर्मराज

*

अंदमान,
९ मार्च

ती. मामा,
जयभीम.

हरकत न्हाय म्हणालात, बरं झालं. अल्बम ठेवा न्हायतर आक्काला द्या, मला कुठं ठेवायचाय. इथं माझी एक ट्रंक आहे, तीही ओली.

रंग विचारलात. वर येताना लाल असतं, गेरूसारखं. बोटीजवळ आलं की एकदम पांढरं पडतं, परत लाल होतं. मग शाई सोडतं, आणि तुम्हाला बाकी काही दिसत न्हाय.

तुमच्या पुस्तकात नसंल असं एक सांगतो. हे एकटं फिरत न्हाय. नर-मादी जोडीनंच असतं. म्हणून पहिलं वर आलं की तांडेल त्याला लगेच बोटीत घेऊ देत न्हाय. पाण्यातच दोरावर धरून ठेवायचं. थोड्या वेळानं खालनं दुसरं येतं. सहाशे मीटर, मामा. त्याला ना बांगडा लागतो ना सुई. पहिल्याच्या भोवती फिरत राहतं. एकदा मी बांबूनं ढोसून बघितलं, हाकललं, गेलं न्हाय. मग आकडीनं ओढून घेतात. दोन्ही मिळाली की बोटीवर सगळे खूष.

परवा दोर धरायचं काम माझ्याकडं होतं. मी धरून ठेवला. दुसरं आलं, माझ्यापासनं दोन हातांवर. मला त्याचं लई बरोबर वाटलं. कठड्यावर वाकून बघत राहिलो. किती वेळ ते कळलं न्हाय. तांडेलानं कॉलर धरून मागं ओढलं आणि तेलुगूत काय काय बोलला.

ज्योत्स्नाबाईंना न्हाय म्हणून आक्काला कळवा. त्यांचा काही दोष न्हाय. मला तिकडं परत यायचं तरी कुणासाठी? पत्राचं बंधन न्हाय असं तुम्हीच म्हणालात, तर हे शेवटचं. तुमचं काही चुकलं न्हाय.

यशपाल

*

निपाणी,
२२ मार्च
(स्पीड पोस्ट)

यशपालराव,

तुमचं पत्र आज अकराला आलं. साडेअकराला शेजारच्या आदर्शला धरून आणला आणि तुमच्या बोटीच्या ऑफिसला फोन लावायला सांगितला. तो बोलत होता, मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. तिकडच्या बाईंनी विचारलं, चौकशी करणारे कोण? मी म्हणालो, सासरे. त्या म्हणाल्या, यांच्या कागदावर पत्नी मयत आहे, मग सासरे कुठले? बोट समुद्रात आहे, बाकीची माहिती फक्त घरच्यांना. आणि फोन ठेवला. आदर्श बिचारा माझ्याकडं न बघताच घरी गेला.

तुम्ही ते दुसरं होऊ नका. मी स्पष्टच लिहितो. तुमच्या मनात काय आहे ते मला वाचता आलं. तुम्हाला आलं की नाही, कुणास ठाऊक. कठड्यापासून लांब उभे राहा. दोर दुसऱ्या कुणाला धरू द्या.

हरकत नाही हे मी खोटं बोललो. मालुआक्कांना गाडीत बसवून घरी आलो आणि दोन दिवस चूल पेटवली नाही. मग तुम्हाला ते शहाणपणाचं पत्र लिहिलं. मोठेपणा मिरवायची हौस, दुसरं काही नाही. आपल्यात मानतात, लेक गेली की जावयावर हक्क सांगायचा नसतो. त्याची वाट आपण अडवायची नसते. मी ते मानलं, तुम्हाला एका शब्दानं न विचारता.

पारमिता खोटं बोलताना डावी भुवई खाजवायची. आमटीत लिंबू पिळताना एक डोळा मिटायची. हे आता जगात दोघांना माहीत आहे, तुम्हाला आणि मला. मला तुमची गरज आहे, यशपालराव. ती भिंतीला सांगून भागत नाही.

परत कुणासाठी यायचं, असं विचारलंत. माझ्यासाठी या. मी कुणी लागतो की नाही ते ऑफिसातल्या बाईंनी ठरवू नये.

एक ओळ लिहा. पेपर कोरा ठेवू नका.

धर्मराज

*

निपाणी,
१२ एप्रिल

प्रिय यशपालराव,

एकवीस दिवस झाले. युवराज आता आमच्या गल्लीत शिरताना लांबूनच हात हलवून नाही म्हणतो, म्हणजे मी पायऱ्या उतरू नये. आदर्शकडून आणखी तीनदा फोन केला. बोट अजून आलेली नाही, एवढंच कळलं. शेवटच्या वेळी त्या बाई जरा नरमाईनं बोलल्या असं आदर्श म्हणाला. मला त्या नरमाईचीच भीती वाटली.

परवा जयंती आहे. पोरं भाषणाला बोलवायला आली होती, मी घसा बसलाय म्हणून सांगितलं. निळे झेंडे लागलेत, गल्लीत ये-जा आहे, आणि मी दाराच्या आत बसलोय.

काल एक उद्योग केला. बाजारात जयाबाई बर्फातले समुद्राचे मासे विकायला बसते. तिच्याकडून एकच बांगडा घेतला. डोळा चकचकीत आहे का ते वाकून बघत होतो, तर म्हणाली, "गुर्जी, कालवण करायचं हाय का सोयरीक?" घरी आणला, जुन्या छत्रीची तार काढली, शिवणाचा दोरा घेतला आणि तुम्ही लिहिलंय तसं गुंडाळायला बसलो. वेढ्याला वेढा. चार वेळा सुटला. पाचव्यांदा पोट फाटलं. स्वयंपाकघरात सगळीकडं खवले झाले. तुमचे हात दिवसभर काय करतात ते मला बघायचं होतं.

मग मी तिथंच फरशीवर बसून रडलो. पारमिता गेली तेव्हा घरात लोक होते, तेव्हा राहून गेलं होतं.

हे पत्र कुणाच्या हातात पडेल ते मला माहीत नाही. दुसऱ्या कुणी उघडलं असेल तर त्यानं कृपा करून मला कळवावं. मी त्यांचा घरचा आहे.

धर्मराज

*

अंदमान,
२८ एप्रिल

ती. मामा,
जयभीम.

मी आहे. हे आधी लिहितो, बाकीचं मागनं.

तुमची दोन्ही पत्रं काल एकदम हातात पडली. इंजिन बसल्यामुळं आम्ही लांबच्या एका बेटावर अडकलो. पार्ट यायला लई दिवस गेले. तिथं फोनही लागत नव्हता. तुम्ही इकडं असे बसला असाल हे माझ्या स्वप्नातही न्हाय. शेवटचं म्हणून लिहिलं, आणि तुम्ही ते तसंच घ्याल असं वाटलं. माफ करा.

तुम्ही बरोबर वाचलंत. मला लिहिताना कळलं न्हवतं. त्या बेटावर काम न्हवतं, दिवसभर नुसतं बसायचं. दोन दिवस लई वाईट गेले. तिसऱ्या दिवशी मी आप्पारावला सगळं सांगितलं, मोडक्या हिंदीत. बोट सुरू झाल्यापासनं मी रीळावर बसलो की तो माझ्या कमरेला दोर बांधतो आणि दुसरं टोक स्वतःच्या कमरेला. मी उठलो की त्याला उठावं लागतं. शिव्या देतो, पण सोडत न्हाय. माकुल धरायचं आता दुसऱ्याकडं दिलंय, मी फक्त बांगडे बांधतो आणि मोटार बघतो.

काल ऑफिसात गेलो. त्या बाई म्हणाल्या, कोण तो म्हातारा, चार वेळा फोन करून डोकं खाल्लं. मी माझा कागद मागितला. घरचं माणूस म्हणून मी पारमिताचंच नाव लिहिलं होतं, पुढं कंसात मयत. ते खोडलं. खोडायला वेळ लागला. खाली तुमचं नाव घातलं. नातं काय, म्हणाल्या. वडील, म्हणालो. आडनाव वेगळं कसं? आमच्याकडं असतं, म्हणालो. त्यांनी शिक्का मारला.

मेअखेर बोट बंद होतीय. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी येतो. परत इकडं यायचं का न्हाय ते तिथं बसून बघू.

आता एक मागणं आहे, मोठं आहे. आक्काचा निरोप आलाय. ज्योत्स्नाबाईंना तिनं न्हाय म्हणून कळवलंच न्हाय. म्हणती, काय सांगायचं ते तू येऊन तोंडानं सांग, त्या बाईला टांगून ठेवू नको. तिचं बरोबर आहे. हो म्हणायचं का न्हाय, मला खरंच माहीत न्हाय. पण संकेश्वरला जायला पाहिजे, आणि मुलाकडनं बोलायला वडील जातात. माझे आप्पा मी चौथीत असताना गेले. तुम्ही याल का? न्हाय म्हणालात तर मी समजीन. मनात काही धरणार न्हाय.

बांगडा शेपटीकडनं गुंडाळायला घ्यायचा, डोक्याकडनं न्हाय. म्हणून सुटला तुमचा.

तुमचा,
यशपाल

*

निपाणी,
१६ मे

चि. यशपाल,
जयभीम.

तुझं पत्र मंगळवारी आलं. युवराजनं गल्लीच्या तोंडावरूनच पाकीट वर धरलं होतं. पहिली ओळ मी दारात वाचली आणि त्यालाही वाचायला दिली. मग त्याला बसवून दडपे पोहे केले. ते फार तिखट झाले, तरी बिचाऱ्यानं खाल्ले.

तीन दिवस उत्तर लिहिलं नाही. आपल्या लेकीच्या जागी दुसरी बघायला बापानंच जायचं, हे कुठल्याच धड्यात नव्हतं. पहिल्या दिवशी ठरवलं, नाही म्हणायचं. दुसऱ्या दिवशी तुझा राग आला. ह्याला मागायला दुसरं काही सुचलं नाही का, असं मोठ्यानं बोललो. तिच्या फोटोसमोर उभा राहून तिलाही चार शब्द ऐकवले. तिसऱ्या दिवशी सकाळी पांढरा शर्ट इस्त्रीला दिला.

मी येतो. तू आधी सदलग्याला जाऊ नकोस, सरळ निपाणीला ये. दोन दिवस जेव, झोप, दाढी कर. मग आपण दोघं संकेश्वरला जाऊ. तू हो म्हण किंवा नाही म्हण, मी तुझ्या बाजूला बसलेला असेन. त्या बाईंनीही एक माणूस गमावलंय, तेव्हा जे सांगशील ते खरं सांग. आप्पारावांना माझा जयभीम कळव, आणि निघेपर्यंत तो दोर सोडू नका म्हणावं.

तिथं मी फार बोलणार नाही. ऐकूही येणार नाही. त्यांना वाटेल, मुलाचे वडील भलतेच समजूतदार आहेत. पण त्या आतून ट्रे घेऊन येतील तेव्हा माझं काही खरं नाही. तू आमच्याकडं आलास तेव्हा पारमितानं ट्रे आणला होता, आणि मी तिला दारातूनच खुणेनं सांगत होतो, सावकाश, सांडशील.

त्या लोकांनी विचारलं तर सांग, वडिलांनी निघताना डोळ्यांत औषध घातलंय.

धर्मराज